अक्का रडतील की नाही, हे अक्काच ठरवतील

*“सहा महिन्यांपूर्वी आम्ही पाच जणांनी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर एक गोष्ट मिळून लिहायला घेतली. वाईतला एका सावकाराचा वाडा, शके १६८२ चा पौष महिना, घरातला मुलगा भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर उत्तरेत गेलेला. प्रत्येकाकडे एक पात्र. मी सावकाराची विधवा बहीण यमुनाक्का लिहिते. हणमंतराव शिलेदार लिहिणारा मुलगा माझ्या पात्राला हाताला धरून ओढतो, रडवतो. त्याच्या पात्राला मात्र कधी साधं खरचटतही नाही. गडी सखाराम लिहिणारी मुलगी एका ओळीपलीकडे जात नाही. सावकार लिहिणारे काका आठ-आठ दिवस गायब असतात. सून गोदा लिहिणारी मैत्रीणही आता कंटाळली आहे. गेल्या महिन्यात सगळ्यांच्या मिळून १२ पोस्ट झाल्या, त्या सोबत पाठवते. मी गट सोडू, की त्या मुलाला काढायला सांगू?” – एक वाचक, सांगली*

सप्रेम नमस्कार.

आत्ता यातलं काहीच करू नका. तुमच्या १२ पोस्ट दोनदा वाचल्या. गोष्ट चांगली आहे आणि ती अजून जिवंत आहे. बिघाड एका माणसात नाही. पाचही जणांना काही सवयी लागल्या आहेत आणि त्यातल्या दोन तुमच्याही आहेत. त्यांच्याकडे येईनच, पण सुरुवात हणमंतरावांपासून करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतंय.

बारांपैकी चौथी पोस्ट त्यांची. तिच्यात असं आहे: “हणमंतरावांनी अक्कांचा हात धरला आणि त्यांना ओढत माजघरात नेलं. त्यांच्या नजरेतली जरब पाहून अक्कांचं काळीज लपकन हललं. डोळ्यांत पाणी तरळलं. ‘मला माफ करा,’ त्या पुटपुटल्या.”

एका पोस्टमध्ये त्यांनी तुमच्या पात्राचं शरीर, मन आणि वाणी, तिन्ही वापरून टाकली. या सवयीला रोलप्ले (पात्रं वाटून घेऊन मिळून रचलेली गोष्ट) लिहिणारे गॉडमोडिंग किंवा पॉवरप्ले म्हणतात. गद्य कथा एकट्याने लिहायची सवय असलेल्या माणसाच्या हातून हे फार सहज होतं, कारण एकट्याच्या कथेत लेखकाला सगळ्यांच्या मनात शिरायची मुभा असते. म्हणून यात दुष्टावा शोधू नका. बहुतेक वेळा त्याला प्रसंग रंगवायचा असतो आणि पलीकडच्या उत्तराची वाट पाहण्याचा धीर नसतो.

नियम एका ओळीत सांगता येतो: आपल्या पात्राचा प्रयत्न लिहावा, त्याचा परिणाम समोरच्यावर सोडावा. तीच पोस्ट अशी होईल: “हणमंतरावांनी अक्कांच्या मनगटाकडे हात टाकला. ‘इथे नको, माजघरात चला,’ ते दबक्या आवाजात म्हणाले. ओसरीवरचे दोन गडी मान वळवून बघत होते.” हात मनगटावर पडला की अक्कांनी झटकला, हे तुम्ही लिहाल. आणि गडी बघताहेत या एका वाक्याने तुम्हाला किती वाटा मिळाल्या पाहा. लोकलाजेपायी मुकाट जाता येईल, मुद्दाम आवाज चढवता येईल, गड्यांना कामाला पिटाळता येईल.

हात ओढणं निदान उघड दिसतं. “नजरेतली जरब पाहून काळीज हललं” हा प्रकार अधिक फसवा आहे, कारण वरवर ते स्वतःच्याच नजरेचं वर्णन वाटतं. “कुणालाही भुरळ पडावी असं हसू”, “ऐकणारा गप्पच होईल असा आवाज”, ही सगळी त्याच घरातली भावंडं. वर्णनातून समोरच्याची प्रतिक्रिया आधीच ठरवून टाकलेली असते. उपाय सोपा आहे. जे डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल तेवढंच लिहायचं. डोळे बारीक केले, आवाज खाली आणला, इतकं पुरतं. जरब वाटली की नाही, ते वाटणारा सांगेल.

याचा अर्थ दुसऱ्याच्या पात्राला बोटही लावायचं नाही असा नाही. दोघी बोलत बोलत विहिरीपर्यंत आल्या, अक्कांनी दिलेला तांब्या घेतला, असल्या बारीकसारीक गोष्टींसाठी दर वेळी परवानगी मागत बसलात तर गोष्ट रांगेल. कोणती मोकळीक चालेल हे पात्राच्या माहितीपत्रकातच लिहून ठेवा. चालणं, बसणं, वस्तू देणं-घेणं चालेल. बोलणं, भावना, इजा, स्पर्श विचारल्याशिवाय नाही.

आता असं पुन्हा घडलं तर काय करायचं? तुम्ही सातव्या पोस्टमध्ये बदला घेतलात. हणमंतरावांना उंबऱ्यावर अडखळवून पाडलंत. राग समजतो, पण त्याने पुढच्यालाही तोच परवाना मिळाला. त्याऐवजी त्याच दिवशी, कथेबाहेरच्या चॅनलवर (जिथे पात्रं नव्हे, लेखक बोलतात), दोन वाक्यं लिहा: “चौथ्या पोस्टमधलं अक्कांचं रडणं आणि माफीचं वाक्य काढशील का? हात धरायचा प्रयत्न राहू दे, मला त्यावर लिहायला आवडेल.” नेमकी ओळ सांगा, काय ठेवायचं तेही सांगा. “तू नेहमी असंच करतोस” हे वाक्य टाळा. त्यावर माणूस पोस्ट दुरुस्त करत नाही, स्वतःचा बचाव करत बसतो. एक दिवस थांबा. पोस्ट बदलली नाही तर तुमची पोस्ट हात पुढे आला त्या क्षणापासून सुरू करा आणि त्यानंतरचं घडलंच नाही असं धरा. गटाने हा हक्क प्रत्येकाला आधीच देऊन ठेवलेला बरा.

हणमंतरावांना खरचटत नाही ही तुमची दुसरी तक्रार. बारा पोस्टमध्ये त्यांच्यावर तीन वेळा काहीतरी येतं: काठी, कुत्रा आणि सावकाराचा आरोप. तिन्ही वेळा ते सहीसलामत सुटतात. असं पात्र वाचणाऱ्याला कंटाळवाणं होतं, पण लिहिणाऱ्याचंही त्यात नुकसान असतं, कारण ज्याला काही होऊच शकत नाही त्याला करण्यासारखंही काही उरत नाही. त्या मुलाला हे शिलेदारीच्या भाषेत सांगा. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. त्या कुत्र्याला बिचकून घोडा लंगडा झाला असता, तर हणमंतरावांची रोजीरोटीच पणाला लागली असती. मग ते सावकारापुढे कर्जाला उभे राहतात, म्हणजे थेट अक्कांच्या हिशेबाच्या वहीत येतात. एका दुखापतीतून दोन महिन्यांची गोष्ट निघते. सुरुवातीला एवढा संकेत पुरे: आपल्यावर आलेल्या तीन गोष्टींपैकी निदान एक तरी लागू द्यायची.

तरीही झटापटीत, पळापळीत कोण जिंकलं यावर वाद होत असेल तर फासे टाका. डिस्कॉर्डवर फासे टाकणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे छोटे प्रोग्राम, फुकट मिळतात, आणि आकडा सगळ्यांसमोर पडतो म्हणून संशय राहत नाही. दोन सहा-तोंडी फासे घ्या. त्यांच्या ३६ जोड्या होतात. बेरीज ६ किंवा कमी येणाऱ्या जोड्या १५, ७ ते ९ येणाऱ्या १५ आणि १० च्या वरच्या, १० धरून, फक्त ६. दहा किंवा जास्त आलं तर काम फत्ते. सहा किंवा कमी आलं तर फसलं. मधल्या पट्ट्यात काम होतं, पण किंमत मोजून, आणि ती किंमत काय हे समोरचा लेखक ठरवतो. सगळी मजा या मधल्या पट्ट्यात आहे. फासे संवादाला मात्र लावू नका. अक्कांचं मन वळलं की नाही हे फाशांनी ठरवणं म्हणजे पुन्हा तेच, फक्त दोष बॉटवर.

आता तुमच्या गोष्टीला सगळ्यात महागात पडणारी चूक, जी तुमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलेली नाही. नवव्या पोस्टमध्ये, पौष शुद्ध दशमीला, हणमंतराव म्हणतात, “भाऊसाहेब आता दिसायचे नाहीत.” पानिपतची लढाई झाली पौष शुद्ध अष्टमीला, १४ जानेवारी १७६१ ला. दोन दिवसांत वाईत ही बातमी कशी येईल? खुद्द नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते, आणि त्यांनाही भेलशाजवळ (आजचं विदिशा) २४ जानेवारीच्या सुमारास, सावकारी पत्रातून, दोन मोत्यं गळाली आणि सत्तावीस मोहरा हरवल्या अशा सांकेतिक भाषेत ती कळली. लेखकाला ठाऊक असलेली गोष्ट पात्राच्या तोंडी येणं याला मेटागेमिंग म्हणतात. ऐतिहासिक कथेत हा सापळा दुप्पट मोठा असतो, कारण शेवट सगळ्यांनाच शाळेपासून पाठ असतो.

पण जरा थांबून पाहा, तुमच्या हातात काय आहे! ती बातमी सावकारी पत्रातून फिरली, आणि तुमचा वाडा सावकाराचा आहे. मोती आणि मोहरांचं पत्र तुमच्या ओसरीवर येऊ शकतं. सखारामाला अक्षरओळख नाही, तो ते नुसतं हातात घेऊन येईल. सावकार परगावी आहेत. वह्या अक्का पाहतात, म्हणजे मोती कोण आणि मोहरा कोण हे वाड्यात फक्त त्यांनाच उमगेल. गोदाचा नवरा फौजेत आहे आणि ती समोर उभी आहे. हणमंतरावांनी दशमीलाच सांगून टाकल्यामुळे हा सगळा प्रसंग वाया जाणार होता. ते वाक्य आजच काढून घ्या.

पुढे असं होऊ नये म्हणून गटात एक तक्ता ठेवा: पात्र, त्याला काय कळलं, कोणत्या तिथीला, कुणाकडून. गूगल शीट पुरे. प्रत्येकाने आपल्या पोस्टनंतर एक ओळ भरायची, अर्ध्या मिनिटाचं काम. चौथा रकाना रिकामा राहिला तर पात्राला ते ठाऊक नाही, विषय संपला. याच तक्त्यात काळाचाही, म्हणजे ती गोष्ट त्या काळी होती का याचा, एक रकाना करा. पाचव्या पोस्टमध्ये गोदा पाहुण्याला चहा देते आणि आठवीत ढोल्या गणपतीला नवस बोलला जातो. १७६१ च्या वाईत चहा नाही आणि ते देऊळ उभं राहिलं १७६२ मध्ये. ताक किंवा गूळ-पाणी द्या, नवस घरच्या देव्हाऱ्यासमोर बोला.

मेटागेमिंगचा एक घरगुती प्रकारही असतो, आणि त्यात तुमचा वाटा आहे. तुमच्या चार पोस्टपैकी दोन अक्कांच्या मनातल्या वाक्याने संपतात. त्यातलं एक: “या उंडग्याला कोण शिलेदार म्हणेल, अक्का मनात म्हणाल्या.” हणमंतरावांनी हे ऐकलेलं नाही, पण त्यांच्या लेखकाने वाचलं. त्याला ते लागलं, आणि त्याच्या पात्राला उत्तर द्यायची सोय नाही. मग पुढच्या पोस्टमध्ये हणमंतराव विनाकारण अक्कांवर डाफरतात. सुरुवात कुठून झाली ते तुम्हाला आता दिसेल. मनातलं जरूर लिहा, पण ते समोरच्याला दिसेल अशा कृतीत उतरवा. अक्कांनी त्याचं ताट वाढताना तूप वाढलंच नाही, असं लिहिलंत तर तो अपमान हणमंतरावांपर्यंत पोचतो आणि त्यावर त्यांना काही करता येतं.

तुमची दुसरी सवय यालाच जोडून आहे. सातव्या पोस्टनंतर अक्का हणमंतरावांशी बोलतच नाहीत, आणि गोष्टीत त्याला कारण नाही. कारण तुमच्या आणि त्या मुलाच्या मधलं आहे. लेखकाचा राग पात्रात झिरपतो, पात्राचं भांडण लेखकात. हे सगळ्या गटांत होतं. कडाक्याचा प्रसंग लिहिल्यावर कथेबाहेर एक ओळ टाकायची सवय लावा: “अक्का चिडल्यात, मी नाही.” भाबडी वाटते ही ओळ, पण रात्री अकरा वाजता फोनवर पोस्ट वाचणाऱ्याला तिचा फार आधार असतो.

सखारामाच्या एका ओळीबद्दल माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे. भेंड्यांमध्ये गाणं कितीही सुरेल म्हटलं तरी शेवटचं अक्षर पुढच्याच्या हातात द्यावं लागतं. तुमच्या पोस्टमध्ये ते अक्षर सापडत नाही. भाषा सुंदर आहे, वाड्याचं वर्णन डोळ्यांसमोर उभं राहतं, पण सखाराम समोर असूनही अक्का त्याला काही विचारत नाहीत, सांगत नाहीत, त्याच्याकडे पाहतही नाहीत. मग ती मुलगी “सखाराम खांबाला टेकून उभा राहिला” याखेरीज काय लिहिणार? एका ओळीच्या पोस्टला आळस म्हणण्याआधी तिच्या वरची पोस्ट तपासावी.

पोस्ट पाठवण्यापूर्वी स्वतःला तीन गोष्टी विचारा. समोरच्याने केलेल्या कशाला मी उत्तर दिलं? नवीन काय आणलं? आणि तो धरेल असं काय ठेवलं? शेवटचं म्हणजे दर वेळी प्रश्नच नको. पुढे केलेली वस्तू, अर्धवट राहिलेलं वाक्य, दारावरची थाप, चुकीचा समज, काहीही चालतं. आणि एका पोस्टमध्ये समोरच्याशी जास्तीत जास्त दोनदा बोला. तुमच्या अकराव्या पोस्टमध्ये अक्का गोदाला चार प्रश्न विचारतात, मधे पाणी पितात, उठून कोठाराला कुलूप लावतात आणि परत येऊन पाचवा विचारतात. गोदाच्या लेखिकेला आता किराणा मालाच्या यादीसारखी उत्तरं द्यावी लागणार, आणि तेवढा वेळ गोदा मुकी का उभी होती हेही समजावावं लागणार.

लांबीचा वाद घालू नका. पैसे न भरता डिस्कॉर्डवर एका संदेशात २००० चिन्हं मावतात, आणि देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. “अक्कांनी” दिसायला तीन अक्षरं, मोजणीत आठ. म्हणजे साधारण तीनशे शब्दांत संदेश भरतो. संवादाच्या प्रसंगाला शंभर-दीडशे शब्द पुष्कळ झाले. नवं स्थळ उघडताना तीनशे घ्या. समोरचा ऐंशी लिहीत असेल तर तुमचे सातशे त्याला पाहुण्यासारखं अवघडवतात.

सावकारकाकांच्या गैरहजेरीला उपदेशाने गुण येणार नाही, रचना बदलावी लागेल. तुमच्याकडे पाच जणांची ठरलेली पाळी आहे. प्रत्येकाला तीन दिवस धरले तर एक फेरी पूर्ण व्हायला १५ दिवस लागू शकतात, आणि एक जण अडला की सगळे अडतात. महिन्याला १२ पोस्ट यातूनच आल्या आहेत. प्रसंग दोघा-तिघांचे करा आणि प्रत्येक प्रसंगाला स्वतंत्र थ्रेड, म्हणजे चॅनलमधला वेगळा धागा, द्या. दोघांचा प्रसंग अगदी संथ चालला तरी सहा दिवसांत एक फेरी होतेच. ७२ तास उत्तर आलं नाही तर पाळी पुढे जाईल, त्यावर रुसवा नाही. जाणारा माणूस एवढंच लिहील: “२० तारखेपर्यंत नाही, सावकार साताऱ्याला गेलेत.” न सांगता गेला तर त्याचं पात्र बाजूला ठेवायचं, पण त्याला मारायचं नाही, त्याचं लग्न लावायचं नाही आणि त्याच्या तोंडून निर्णय वदवायचा नाही. थ्रेड काही दिवस शांत राहिला की डिस्कॉर्ड तो यादीतून दडवतो. ती मुदत आठवड्याची करता येते, तेवढी करून ठेवा, नाहीतर लोकांना थ्रेड बंद झाला असंच वाटतं.

हणमंतराव आणि गोदा यांच्यात दहाव्या पोस्टपासून काही जुळू लागल्यासारखं दिसतं. गोष्ट म्हणून ते धोक्याचं आणि म्हणूनच चांगलं आहे. पण त्याआधी गोदाच्या लेखिकेला विचारलं होतं का? प्रेम, मारहाण, बाळंतपण, सोवळ्यातल्या बाईचा छळ, हे प्रसंग सुरू करण्याआधी कुठवर जायचं आणि कुठे पडदा टाकायचा हे लेखकांनी ठरवून घ्यावं. पात्रांनी नव्हे, लेखकांनी. जॉन स्टाव्ह्रोपोलोस या अमेरिकन खेळ-रचनाकाराने टेबलावरच्या रोलप्लेसाठी एक्स कार्ड म्हणून सोय केली होती: कुणीही ते कार्ड उचललं की चालू गोष्ट तिथेच सोडायची, कारण विचारायचं नाही. तुम्ही कथेबाहेरच्या चॅनलवर नुसती फुली टाका. आणि गटात कुणी अठरा वर्षांखालचं असेल (डिस्कॉर्ड तेराव्या वर्षापासून वापरता येतं), तर मोठ्या लेखकाबरोबर त्यांचा प्रणयप्रसंग अजिबात नको, पात्राचं वय काहीही असो. पात्राच्या नावाने खासगी संदेश येऊ लागले आणि नको म्हटल्यावरही थांबले नाहीत, तर ती लिखाणाची सवय राहत नाही. स्क्रीनशॉट ठेवा, ब्लॉक करा, गट चालवणाऱ्याला सांगा.

आता करायचं काय. या रविवारी पाचही जणांची अर्ध्या तासाची बैठक घ्या, लिहून नको, आवाजावर. तक्रारी वाचू नका. प्रयत्न आणि परिणामाचा नियम, माहितीचा तक्ता, ७२ तास, फुली, एवढे चार मुद्दे मांडा आणि पहिली चूक स्वतःची सांगा, सातव्या पोस्टमधली. त्यानंतर तुम्ही, हणमंतराव आणि सखाराम अशा तिघांचा दहा पोस्टचा छोटा प्रसंग लिहा. त्यात हणमंतरावांच्या लेखकाने पुन्हा अक्कांच्या वतीने लिहिलं तर वर सांगितलं तसं नेमकी ओळ दाखवून सांगा, दोनदा. तिसऱ्यांदा झालं तर त्याच्याबरोबर प्रसंग लिहू नका, बाकीच्यांबरोबर लिहा. तुम्हाला गट सोडावासा वाटलाच तर अक्कांना यात्रेला धाडा आणि वह्यांच्या किल्ल्या गोदाच्या हाती द्या, म्हणजे मागे राहणाऱ्यांची गोष्ट अडणार नाही.

त्या दहातली पहिली पोस्ट तुमची असू दे. सुचवतो तशीच हवी असं नाही:

“अक्कांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं. मोहोर ओळखीची नव्हती. ‘सखाराम, हे आणणारा जासूद गेला की अजून दारात आहे?’ त्यांनी विचारलं, आणि हणमंतराव येताना दिसताच पत्र पदराखाली घेतलं. एक कोपरा मात्र बाहेर राहिला.”